माळ्यावर उंदरांनी बिऱ्हाड केलंय? कौलारू घरवाल्यांनी काय करायचं

कौलारू घरात उंदीर येऊच नये अशी व्यवस्था करता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मंगलोरी कौल असो नाहीतर जुने नळे, दोन कौलांमध्ये फट राहतेच, आणि ती राहिलेली बरी, नाहीतर मे महिन्यात माळ्याखाली बसवणार नाही. त्यामुळे उंदीर येणार. पण एखादा उंदीर कौलांवरून आला गेला आणि त्याने वर बिऱ्हाड थाटून चार बाळंतपणं केली, यात फार फरक आहे. आपल्याला थांबवायचंय ते बिऱ्हाड. त्याला तीन गोष्टी लागतात, मऊ सामान, खायला जवळ काहीतरी आणि ये-जा करायला रस्ता. या तीन काढून घेतल्या की पिंजऱ्याचं काम अगदी थोडं उरतं. लोक नेमकं उलटं करतात, आधी दुकानात जाऊन विषाच्या वड्या आणतात, माळ्यावर फेकतात आणि मग आठ दिवसांनी वास कुठून येतोय म्हणून डोकं धरून बसतात.

हे सगळं कोकणातलं चिऱ्याचं, लाकडी वाशांचं घर डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण देशावरचा पोटमाळा किंवा फ्लॅटमधला बाथरूमवरचा माळा असला तरी बरंचसं लागू पडेल.

आधी वर कोण आहे ते बघा

प्रत्येक खुडबुड उंदराचीच असते असं नाही. दिवसा, विशेषतः सकाळी कौलांवर पळापळ ऐकू येत असेल तर खारी असतात. रात्री धप्प धप्प असा जड पावलांचा आवाज आणि सकाळी माळ्यावर बिया दिसतील अशी विष्ठा, तर तो कांडेचोर म्हणजे उदमांजर, त्याला पकडायच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायद्यात संरक्षित प्राणी आहे, वनखात्याला कळवा. वटवाघळांची लेंडी लांबून उंदरासारखीच दिसते पण काडीने दाबली की भुगा होते आणि त्यात किड्यांचे चकचकीत तुकडे दिसतात. उंदराची लेंडी अशी भुगा होत नाही.

उंदीर म्हटले तरी दोन प्रकारचे. एक तो मोठा काळपट, शेपूट धडापेक्षा लांब, वाशांवरून आणि वायरींवरून सर्कस करत फिरणारा. माळ्यावरचा खरा मालक हाच, याला शास्त्रात रॅटस रॅटस म्हणतात. याची लेंडी साधारण अर्धा इंच लांब, टोकाला निमुळती. दुसरा तो छोटासा घरउंदीर, मस मस्क्युलस, ज्याला आपण बऱ्याचदा मोठ्या उंदराचं पिल्लू समजतो. याची लेंडी 3 ते 6 मिलिमीटर, जिऱ्याच्या दाण्याएवढी. हा फरक उगाच सांगत नाहीये, मोठा उंदीर नवीन वस्तूला घाबरतो, पिंजरा ठेवला तर कितीतरी दिवस त्याच्या बाजूने वळसा घालून जाईल. छोटा उलट भोचक असतो, नवीन काही दिसलं की पहिल्याच रात्री नाक खुपसतो. म्हणजे सापळा लावायची पद्धत दोघांची वेगळी.

घूस माळ्यावर येत नाही, ती जोत्याला आणि मोरीपाशी बिळं करते. आणि चिचुंद्री तर उंदीरच नाही, ती किडे आणि झुरळं खाते, चिकचिक करत भिंतीच्या कडेने जाते, वास घाण सोडते पण तिला मारून काही फायदा नाही.

कुठून येतात जातात हे शोधायला महागडं काही लागत नाही. संध्याकाळी माळ्याच्या कडेकडेने, आणि खाली उतरायची जिथे शंका आहे तिथे, रांगोळी नाहीतर चुलीची राख चाळून पातळ पसरून ठेवा. सकाळी टॉर्च आडवा धरून बघा, सरळ वरून मारला तर काही दिसत नाही. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच, आणि मोठा उंदीर असेल तर मधून शेपटीची ओढलेली रेघ पण बऱ्याचदा दिसते. रेघ कुठून कुठे गेली ते बघायचं. दुसरी खूण म्हणजे वाशांवर काळपट तेलकट पट्टा. उंदीर रोज त्याच वाटेने जातो आणि अंगाचा चिकटपणा लाकडाला घासून घासून डाग पडतो, आढ्याजवळ जिथे वासे एकत्र येतात तिथे बघा, हमखास असतो. आणि भोकं किती चालू आहेत हे कळायला त्यात कागदाचा बोळा सैल कोंबून ठेवा, दोन दिवसांत बोळा बाहेर पडला असेल तर ते भोक वापरात आहे.

आमच्याकडे कौलं परतायला येणारे एक काका आहेत, त्यांचं एकच म्हणणं, "उंदीर खंयसून येतत ता आदी बघा, मगे पिंजरो लावा." शंभर टक्के बरोबर.

वर चढायच्या आधी

पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, जाड रबरी हातमोजे, पायात बूट, नाकाला चांगला मास्क (रुमाल नको, एन 95 मिळाला तर उत्तम) आणि हातात लांब काठी. काठी उंदरासाठी नाही. जिथे उंदीर जास्त तिथे धामण येतेच, आणि कधी कधी नाग पण. म्हणून गाठोडं, गोणपाट, गुंडाळलेली गादी यात डायरेक्ट हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं, दोन मिनिटं थांबायचं. कात पडलेली दिसली तर समजायचं की वर पाहुणा येऊन गेलाय किंवा अजून आहे. धामण बिनविषारी असते आणि आपलं अर्ध काम फुकट करते, तिला मारू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा पण आहे. कुठला साप आहे ते कळत नसेल तर खाली उतरा आणि गावातल्या सर्पमित्राला फोन लावा, ओळख पटवायला जवळ जाऊन फोटो काढायची गरज नाही.

आणि मेन स्विच बंद करून चढा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि माळ्यावर त्याच्या वाटेत सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे वायर. प्लास्टिक खाऊन आतली तांब्याची तार उघडी पडलेली असते आणि अंधारात ती दिसत नाही. जुन्या घरात माळ्यावरून उघड्या वायरी नेलेल्या असतात, त्या निदान पाईपमधून घेऊन टाका, आणि इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर आरसीसीबी (वीजगळती झाली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच) पण बसवून घ्या. सुक्या लाकडाचा माळा आणि सोललेली वायर, यापुढे जास्त काही सांगायला नको.

घरटं कुठे असतं आणि ते कसं काढायचं

साधारण नारळाएवढा गोळा, कधी त्याहून मोठा. आत काय असेल ते तुमच्या माळ्यावर काय आहे त्यावर. जुन्या लग्नपत्रिकांचे बारीक फाडलेले तुकडे, गादीतला कापूस, सोडणाचे (नारळाच्या सालाचे) केसर, दिवाळीच्या कंदिलाचा कागद, साडीच्या जरीचे धागे, आणि आता बऱ्याच घरात थर्माकोलचे दाणे. 2018 ला राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, पण त्याआधीची मखरं लोकांनी "राहू दे, कधीतरी लागेल" म्हणून माळ्यावर टाकलेली आहेत ती अजून तशीच आहेत आणि त्यांचा उपयोग नियमितपणे करणारे फक्त उंदीर आहेत. गणपतीचं मखर त्याच्या वाहनालाच अर्पण झालं म्हणायचं आणि फेकून द्यायचं.

जागा शोधायच्या त्या अशा: भिंतीचा माथा आणि वासे भेटतात तो कोपरा, गुंडाळलेल्या गादीचं पोट, झाकण नीट न लागणारी ट्रंक, उपडं घातलेलं घमेलं किंवा भांडं, जुन्या टीव्हीचं आणि स्पीकरचं खोकं, लाकडी पाळणा ज्यात कपडे भरून ठेवलेत. बाहेरून व्यवस्थित दिसणारी गादी उचलली की हलकी लागते, तेव्हाच ओळखायचं.

आता साफसफाईत सगळ्यात मोठी चूक म्हणजे खराटा घेऊन फटाफट झाडायला सुरुवात करणं. सुकलेल्या लेंड्या आणि मुताची धूळ उडते आणि ती आपल्या नाकातोंडात जाते. आधी कौलं दोन-चार सरकवून किंवा खिडकी उघडून अर्धा तास वारा खेळू द्या. मग ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईटचं जे द्रावण किराणा दुकानात किंवा मेडिकलमध्ये मिळतं ते, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी असं करून फवारणीच्या बाटलीत भरा आणि घरटं, लेंड्या, आजूबाजूची जागा चिंब भिजवा. दहा मिनिटं थांबा. मग ओल्या फडक्याने किंवा कागदाने उचलून दोन पिशव्यांत बांधून टाका, आणि शेवटी फळ्या पण त्याच पाण्याने पुसून घ्या. एक धोक्याची गोष्ट, ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद माळ्यावर तो जीवावर बेतू शकतो. ब्लीच ताजंच बनवायचं, कालचं उरलेलं आज वापरलं तर काही उपयोग नाही.

एवढा जामानिमा का, तर लेप्टो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या केसेस दरवर्षी निघतात, 2005 च्या जुलैच्या पुरानंतर मुंबईत काय झालं ते लोकांना आठवत असेल. जंतू उंदराच्या मुतातून येतात आणि हातापायावरच्या जखमेतून किंवा डोळ्यातोंडातून आत जातात. माळा साफ केल्यानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या आणि पाठ भयानक दुखायला लागली, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की उंदरांची घाण साफ केली होती. हे सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून दोन दिवस फुकट जातात. लवकर कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरं होतं.

घरट्यात पिल्लं निघाली तर? निघतात. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली, एका वेळी पाच-सहा किंवा जास्त. आईशिवाय ती जगत नाहीत आणि हाताने वाढवायची तर अजिबात नाहीत. प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवावं. मात्र एक लक्षात ठेवा, घरटं नुसतं विस्कटून सोडलं तर मादी पिल्लं तोंडात धरून एकेक करून दुसऱ्या कोपऱ्यात नेते आणि तुमची मेहनत शून्य होते. आणि उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत परत वितेच, म्हणजे आज सोडलेलं काम गणपतीपर्यंत कुठे पोचेल त्याचा हिशोब करा.

माळ्यावरचं सामान

इथे घरात भांडणं होतात. पण खरं सांगायचं तर अर्धा माळा रिकामा केल्याशिवाय बाकी काहीही करून उपयोग नाही. गाद्या, गोधड्या, कापूस, रद्दी, पुठ्ठ्याची खोकी, थर्माकोल, सोडणांचा ढीग, हे वर ठेवायचंच नाही. ठेवायचंच असेल तर पत्र्याच्या ट्रंकेत, झाकण घट्ट बसणाऱ्या. प्लास्टिकचे जाड ड्रम छोट्या उंदरापुरते पुरतात, मोठा उंदीर मात्र कडेपासून कुरतडून भोक पाडतो. जे काही उरेल ते फळीवर न टेकवता विटांवर किंवा पाटावर ठेवा आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढा, म्हणजे मागे टॉर्च मारता येतो. उंदराला मागे अंधारी गल्ली लागते, ती देऊ नका.

खाण्याचं तर बोलायलाच नको. फणसाच्या आठळ्या, काजूची पोती, सुपारी, सुके नारळ, कुळीथ, सुकी मासळी, भाताची कणगी, सगळं पूर्वीपासून माळ्यावरच असतं कारण खालच्या चुलीच्या धुराने ते टिकायचं. चूल होती तेव्हा धूर वर जाऊन किडे-उंदीर पण थोडे लांब राहायचे. आता खाली गॅस आहे, वर धूर नाही, आणि आठळ्या मात्र तिथेच. धान्यासाठी पत्र्याची कोठी घ्या. आणि रात्री ओट्यावर खरकटं, देवापुढचा नैवेद्य, कुत्र्या-मांजराच्या ताटलीत उरलेला भात, कोंबड्यांच्या खुराड्यातले दाणे, हे उचललं नाही तर माळा कितीही स्वच्छ ठेवा, मोठा उंदीर रात्री वरून खाली येऊन जेवून परत वर झोपायला जाणार. पाणी पण. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं, ठिबकणारा नळ आणि उघडी बादली बंद करा. छोट्याचं अन्नातल्या ओलाव्यावर भागतं.

रस्ते तोडायचे

अंगणातून घराकडे तोंड करून उभे राहा आणि छपराला काय काय टेकलंय ते बघा. आंब्याची फांदी, नारळाची झावळी, जाईचा वेल, केबलची वायर, भिंतीला रचलेलं सरपण. फांद्या छपरापासून निदान सहा फूट मागे कापा, मोठा उंदीर तीन-चार फुटांची उडी आरामात मारतो. नारळाच्या झाडाला जमिनीपासून सहा-सात फुटांवर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा, साधारण सव्वा-दीड फूट रुंद, गोल गुंडाळून मारला की उंदीर वर चढू शकत नाही, बागायतदार कोवळे नारळ वाचवायला हेच करतात. मात्र दोन माडांच्या झावळ्या एकमेकांत अडकत असतील तर एकालाच पट्टा मारून काही होणार नाही. पाडेल्याला अगोदर सांगा, चढताना त्याचा पाय पट्ट्यावरून घसरू शकतो.

वीजमंडळाच्या वायरीला हात लावायचा नाही, लाईनमनला सांगून ती फांद्यांपासून मोकळी करून घ्या. भिंतीवरून वर जाणाऱ्या पीव्हीसी पाईपला पत्र्याची गोल थाळी कापून कॉलरसारखी बसवता येते. सरपण भिंतीपासून लांब न्या.

भोकं बुजवायची, पण कुठली आणि कधी

सगळं छप्पर बंद करायला जाऊ नका, होणार नाही. दोनच ठिकाणी जोर लावा.

पहिली जागा म्हणजे भिंतीचा माथा. चिऱ्याची भिंत जिथे संपते आणि वासे बाहेर जातात, तिथे दोन वाशांच्या मध्ये मोकळी खिडकी राहते. तीच हमरस्ता. इथे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची) वेल्डेड जाळी मारायची, पाव इंची भोकांची. हार्डवेअरवाला अर्धा इंची देईल कारण ती स्वस्त आणि त्याच्याकडे असते, पण अर्ध्या इंचातून छोटा उंदीर सहज जातो, त्याला 6 मिलिमीटरची फट पुरते, आणि मोठ्याचं पिल्लू पण घुसतं. कोंबड्यांची षटकोनी जाळी तर घेऊच नका. प्लास्टिकची मच्छरजाळी एका रात्रीत फाडतात. जाळी वाशाला खिळ्याने नुसती ठोकून सोडू नका, कडेने लाकडी पट्टी लावून मग स्क्रू मारा, आणि खालच्या कडेला भिंतीवर सिमेंटचा हात द्या. वारा खेळता राहतो आणि वासे कुजत नाहीत, म्हणून ती जागा विटांनी बांधून टाकण्यापेक्षा जाळीच बरी.

दुसरी जागा म्हणजे माळ्याची फळी, म्हणजे तुमच्या डोक्यावरचं छत. इथून ते खाली घरात उतरतात. फळ्यांच्या मधल्या फटींवर पट्ट्या मारा, वायर आणि पंख्याचा हूक जिथून खाली येतो तिथली भोकं बुजवा, शिडीच्या तोंडाला झाकण करा आणि झाकणाच्या कडांना पत्र्याची पट्टी ठोका. छोट्या भोकात भांडी घासायचा स्टीलच्या तारेचा घोस कोंबून वरून सिमेंट लावायचं, जुने लोक सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालायचे तेही चालतं. फवारून फुगणारा फोम मात्र एकटा वापरू नका, उंदीर तो कुरतडून आरपार जातात आणि वर त्याचंच घरटं करतात.

याला सगळ्यात सोयीचा काळ एप्रिल-मे. नाहीतरी पावसाच्या आधी घर शाकारायला माणसं चढतात, कौलं उतरलेलीच असतात, आढ्यावरचे कोने निघालेले असतात, त्याच वेळी जाळी आणून ठेवली असेल तर जास्तीची एका दिवसाची मजुरी पडते. जुलैमध्ये हेच काम करायला गेलात तर शेवाळलेल्या कौलांवर पाय ठेवणार कोण? दुसरं, शेतं पाण्याखाली गेली की उंदीर घराकडे सरकतात, कापणीनंतर शेत मोकळं झालं की परत एकदा. पावसाच्या आधी झालं तर दोन्ही वेळा सुटका.

क्रम चुकवू नका. आधी खालचं छत बंद, मग माळ्यावर सापळे, आणि खुडबुड थांबल्यावर मग भिंतीच्या माथ्याची शेवटची जाळी. सगळं एकदम बंद केलंत तर उंदीर आत कोंडले जातात, तिथेच मरतात किंवा जीव खाऊन वायरी आणि फळ्या कुरतडतात.

सापळे

पिंजरा आणि चाप दोन्ही बाजारात मिळतात. माळ्यासाठी माझं मत चापाला. पिंजऱ्यात उंदीर जिवंत सापडतो, मग त्याचं करायचं काय हा प्रश्न सकाळी सहा वाजता उभा राहतो, लोक एकतर बादलीत बुडवतात (बघवत नाही) किंवा पऱ्ह्यापलीकडे (ओढ्यापलीकडे) नेऊन सोडतात, म्हणजे पलीकडच्या घराच्या माळ्यावर. चांगल्या स्प्रिंगचा चाप एका झटक्यात संपवतो. फक्त घरात लहान मूल किंवा मांजर वर जात असेल तर चाप उघडा ठेवू नका, दोन्ही बाजूंनी भोक पाडलेल्या खोक्यात ठेवा.

चाप मोकळ्या जागेत मधोमध ठेवला तर फुकट. उंदीर भिंतीला मिश्या घासत जातो, म्हणून चाप भिंतीशी काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे. मोठ्या उंदरासाठी वाशावरच, त्या तेलकट पट्ट्यावर, तारेने बांधून ठेवायचा, नाहीतर अर्धवट अडकलेला उंदीर चाप घेऊन पळतो. एक-दोन ठेवून वाट बघत बसू नका, सुरुवातीलाच आठ-दहा लावा, छोट्यांसाठी दर पाच-सहा फुटांवर एक. छोटा आपल्या घरट्यापासून फार लांब जातच नाही.

आमिष म्हणून चीज हा सिनेमातला प्रकार आहे. आपल्याकडे भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, सुका बोंबील किंवा सोडे (सुकी कोळंबी), शेंगदाण्याची चिक्की, कालचं भजं. खोबरं गॅसवर कडेला करपेपर्यंत भाजा, तेल सुटलं की वास लांबपर्यंत जातो. आमिष नुसतं ठेवलं तर अलगद काढून नेतात, दोऱ्याने बांधा. मोठ्या उंदरासाठी तीन-चार दिवस चाप न ओढता नुसतं आमिष ठेवायचं, खाऊ द्यायचं, सवय लागू द्यायची, आणि मग एका संध्याकाळी सगळे चाप एकदम ओढायचे. ही एक गोष्ट केली तर पहिल्या रात्रीचा निकाल बघा. रोज सकाळी वर जाऊन बघा, मेलेला उंदीर हातमोजे घालून, ब्लीच फवारून, दोन पिशव्यांत बांधून खोल पुरा.

विषाबद्दल

माळ्यावर विष नको, हे माझं स्पष्ट मत. गोळ्यांमधलं ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही, ते खाल्ल्यावर उंदीर चार-सात दिवसांनी मरतो आणि तोही जिथे तुमचा हात पोचणार नाही अशा फटीत. तो मरायला टेकलेला उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला की त्यांच्या पोटात पण ते जातं, म्हणजे फुकट उंदीर मारणारे तुम्हीच कमी केले. झिंक फॉस्फाईडची काळी पूड पोटात गेली की विषारी वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही. आणि ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका, माणसाचं लिव्हर निकामी करते, यावरही उतारा नाही. चुकून कुणाच्या पोटात काही गेलंच तर घरगुती उपाय, मिठाचं पाणी वगैरे काही न करता 108 ला फोन आणि पाकीट सोबत. ब्रोमॅडिओलोन असेल तर व्हिटॅमिन के देऊन वाचवता येतं, म्हणून कुठलं विष ते डॉक्टरला कळणं महत्त्वाचं.

चिकट पुठ्ठ्याचे गोंदाचे सापळे स्वस्त आहेत पण उंदीर त्यावर तास न् तास किंचाळत राहतो, वर पाली आणि चिमण्या पण अडकतात. अनेक राज्यांनी त्यावर बंदीची परिपत्रकं काढली आहेत. डांबरगोळ्यांनी उघड्या माळ्यावर काही होत नाही, आपलंच डोकं दुखतं. प्लगला लावायचं ते अल्ट्रासोनिक मशीन, ज्याचा आवाज म्हणे फक्त उंदरांना ऐकू येतो, त्याचा आवाज सामानाच्या आडून पलीकडे जात नाही आणि उंदरांना थोड्या दिवसांत सवय होते. पैसे जाळीत घाला. मांजर चांगलं, पण पोटभर दूधभात खाणारं मांजर माळ्यावर चढायचे कष्ट घेत नाही हे सगळ्यांनी पाहिलंय.

एक वेगळी गोष्ट. विष घातलेलं नसताना घरात किंवा आजूबाजूला एकापाठोपाठ उंदीर मरून पडलेले दिसले तर ते आनंदाने उचलून फेकू नका. 1896 नंतरच्या प्लेगमध्ये उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे, कारण मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. 1994 ला बीड जिल्ह्यातल्या मामला गावात परत तो प्रकार झाला. हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

घर बंद करून मुंबईला जाणाऱ्यांसाठी

बंद घर उंदरांना सगळ्यात जास्त आवडतं. गणपती झाले की दार लावून निघायच्या घाईत गाद्या तशाच राहतात आणि शिमग्याला आल्यावर त्यांचं पीठ झालेलं असतं. गाद्या गुंडाळून ठेवू नका, दोरीवर मोकळ्या टांगा, दोरीच्या दोन्ही टोकांजवळ पत्र्याची एकेक थाळी ओवा. किराणा उरलेला शेजारी देऊन टाका, डब्यात ठेवला तर तो पत्र्याचा. फ्रिज बंद करून दार उघडं ठेवणार असाल तर मागची वायर गुंडाळून वर ठेवा. मेन स्विच बंद. मोरीच्या आणि संडासच्या पाईपला जाळी, कारण पाणी सुकलं की तिथून वाट मोकळी होते. चाप ओढून जाऊ नका, उचलायला कोणी नसेल तर अडकलेला उंदीर तिथेच सडतो. त्यापेक्षा शेजारच्या वहिनींकडे किल्ली द्या, महिन्यातून एकदा दारं उघडून उजेड घालायला सांगा, आणि जाताना माळ्याच्या कडेने रांगोळी पसरून जा, म्हणजे त्यांना शिडीवरून डोकावून नुसता फोटो काढून पाठवता येईल.

आणि कुठे मेलाय ते सापडत नसलेल्या उंदराचा वास येत असेल तर नाकाच्या भरवशावर राहू नका, वारा फिरतो तसा वास फिरतो. दुपारी माळ्यावर निळ्या-हिरव्या माश्या कुठल्या फटीपाशी घोंगावतायत ते बघा, तिथली फळी उचला. सापडला तर काढून ब्लीचने पुसा, नाहीच सापडला तर त्या भागात चुना टाका, कौल सरकवून हवा खेळू द्या आणि आठ-पंधरा दिवस सहन करा, सुकला की वास जातो. उदबत्त्या लावून काही होत नाही, फक्त दोन्ही वास एकत्र येतात.